आऊटबोर्ड मोटरचा सिलिंडर खरवडला: ब्लॉक फेकायच्या आधी काय पाहावं

प्रश्न थोडक्यात असा. होडीच्या मागे लावायची, १५ हॉर्सपॉवरची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक आऊटबोर्ड मोटर. भर वेगात असताना आवाज जड झाला, दम गेला आणि मोटर बंद पडली. गार झाल्यावर दोरी ओढली तर चालू झाली, पण पहिली ताकद नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, पाहिलं तर वरच्या सिलिंडरला ११५ पीएसआय, खालच्याला ६०. हेड काढल्यावर खालच्या सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे दिसले. एक मेकॅनिक म्हणतो पॉलिश पेपर मारून नव्या रिंगा टाकू, दुसरा म्हणतो ब्लॉकच बदला. यातलं कुणाचं ऐकायचं?

अजून कुणाचंच नको. ओरखडे किती खोल आहेत हे दोघांनाही माहीत नाही, कारण सिलिंडर अजून साफच झालेला नाही. शिवाय ते का पडले, हे दोघांपैकी कुणीही विचारलेलं दिसत नाही. ते न शोधता इंजिन पुन्हा जोडलं, तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जाणार.

आधी कॉम्प्रेशनचा आकडा नीट घेतला होता का, ते पाहा. दोन्ही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्लगच्या वायर ब्लॉकला टेकवून अर्थ केलेल्या, आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरीचे पाच-सहा जोरदार ओढे, अशी ती रीत आहे. वायर अर्थ केल्या नाहीत तर इग्निशनचा डबा जाऊ शकतो. प्रत्येक गेज थोडं वेगळं दाखवतं, म्हणून मी आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधल्या फरकाकडे बघतो. १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, १५ टक्क्यांच्या वर गेला की काहीतरी बिघडलंय. तुमच्याकडे जवळजवळ निम्मा आकडा गेलाय, म्हणजे गेजची चूक धरली तरी बिघाड खराच आहे.

आता त्या ओरखड्यांकडे येऊ. लहान आऊटबोर्डचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यात बहुतेक वेळा बिडाचा लायनर, म्हणजे आतली नळी, ओतून बसवलेला असतो. पिस्टन मात्र ॲल्युमिनियमचा. इंजिन जाम होतं तेव्हा मऊ पिस्टन घासला जातो आणि त्याचा धातू लायनरवर लेपासारखा चिकटतो. डोळ्यांना जे चरे दिसतात, त्यांतला बराचसा भाग म्हणजे चऱ्यांच्या मधोमध उंच चिकटलेलं ॲल्युमिनियम असतं. खालचा लायनर पुष्कळदा जवळजवळ शाबूत असतो. मी असे कितीतरी ब्लॉक पाहिलेत जे भंगारात निघाले होते आणि साफ केल्यावर नुसत्या होनिंगवर, म्हणजे भिंत दगडाने हलकी घासण्यावर, भागलं. म्हणून पहिलं काम धातूचा हा लेप काढायचं.

पण त्याआधी लायनर बिडाचाच आहे याची खात्री करा. लोहचुंबक आत धरा. बिडाला तो घट्ट चिकटतो. पोर्टच्या, म्हणजे भिंतीतल्या मिश्रण आणि धूर जायच्या भोकांच्या, कडेला पाहिलं तर दोन धातूंची सीमारेषाही दिसते. काही इंजिनांत लायनर नसतोच, ॲल्युमिनियमच्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ मुलामा असतो. तिथे चुंबक बिडासारखा घट्ट धरत नाही. अशा सिलिंडरला खाली सांगितलेलं ॲसिड लावायचं नाही आणि तो बोअरही, म्हणजे मशीनवर कापून मोठाही, करायचा नाही. मुलामा सोलला असेल तर नव्याने मुलामा चढवून घेणं, लायनर बसवणं किंवा सिलिंडर बदलणं एवढेच मार्ग उरतात. पुढचं सगळं बिडाच्या लायनरबद्दल आहे.

ॲल्युमिनियम काढायला हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतात, फरशी साफ करायला मिळतं तेच. ते ॲल्युमिनियम खातं आणि थोड्या वेळाच्या संपर्कात बिडाला फारसं काही करत नाही. पण तुमचा अख्खा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, हे एक क्षणही विसरू नका. ब्लॉक पूर्ण मोकळा करा, क्रँक आणि बेअरिंग बाहेर. पोर्ट ग्रीस लावलेल्या चिंध्यांनी गच्च बंद करा. खराब बाजू खाली येईल असा ब्लॉक आडवा ठेवा आणि काडीला कापूस गुंडाळून फक्त चिकटलेल्या धातूवर ॲसिड टेकवा. ओतायचं अजिबात नाही. फेस येईल. फेस येतोय तोवर ॲल्युमिनियम शिल्लक आहे. पुसा, पुन्हा लावा. फेस यायचा थांबला की थांबा. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा आणि लगेच तेलाचा हात फिरवा. पाच मिनिटं उशीर केलात तर लायनर तांबूस होतो.

हे काम उघड्यावर करा. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. त्या फेसातून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ ठिणगी नको. ॲसिडची बाटली उघडी ठेवून शेजारी मोजमापाची हत्यारंही ठेवू नका, नुसत्या वाफेने ती गंजतात. हे सगळं जमणार नाही असं वाटलं तर ज्याला जमतं त्याच्याकडून करून घ्या, यात कमीपणा नाही. अगदी पातळ लेप असेल तर बारीक पॉलिश पेपर आणि तेल घेऊन, गोलाईच्या दिशेने, हलक्या हाताने निघतो. पहिल्या मेकॅनिकच्या सूचनेत एवढं तथ्य जरूर आहे. मात्र पेपरने उभे चरे घालवायला बसलात तर तिथे खोलगट भाग तयार होतो आणि रिंग तेवढ्या जागी भिंतीला टेकतच नाही.

साफ झाल्यावर नखाची परीक्षा घ्या. अंगठ्याचं नख चऱ्यांवरून आडवं फिरवा. रेघ दिसते पण नख अडकत नाही, तर होनिंगवर काम भागण्याची शक्यता चांगली आहे. नख अडकलं तर बोअर करावाच लागेल. चरे कुठे आहेत हेही महत्त्वाचं. एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या पट्ट्यात कॉम्प्रेशन तयार होतं, तिथला चरा माफ नाही. पोर्टच्या खाली, जिथे फक्त पिस्टनचा घेर, म्हणजे रिंगांखालचा भाग, घासतो, तिथली एखादी बोथट रेघ मी चालवून घेतो. गंजाचे खड्डे असतील तर मात्र ते कुठेही असोत, मी धोका पत्करत नाही, कारण वरून टाचणीएवढा दिसणारा खड्डा आत रुंद असू शकतो.

मग मोजमाप. इथे अंदाज चालत नाही. बोअर गेज, किंवा टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटर घ्या. वर, मध्ये आणि खाली अशा तीन खोलींवर, प्रत्येक ठिकाणी गजनपिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत एकदा आणि तिच्या काटकोनात एकदा, असे सहा आकडे लिहून काढा. पोर्टच्या तोंडावर मोजू नका. खालच्या-वरच्या आकड्यांतला फरक म्हणजे उतार, आडव्या-उभ्यातला फरक म्हणजे लंबगोलपणा. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असते, ती शेवटची. ढोबळमानाने ०.०८ मिमीच्या पुढे गेलं की नव्या रिंगा टाकून फायदा नाही. शाबूत सिलिंडरचेही सहा आकडे घ्या, त्याच्याशी तुलना केली की किती झिजलंय ते लगेच कळतं.

पिस्टन घेराच्या तळापासून साधारण १० मिमी वर, पिनच्या काटकोनात मोजतात. सिलिंडर आणि पिस्टन यांतली फट या आकाराच्या इंजिनात साधारण ०.०३ ते ०.०८ मिमीच्या दरम्यान असते. ती एवढी जपायची का, याचा हिशेब सांगतो. ५६ मिमीचा ॲल्युमिनियमचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर सुमारे ०.११ ते ०.१३ मिमी फुगतो. तेवढ्याच तापमानवाढीत बिडाचा लायनर साधारण त्याच्या निम्माच फुगतो. त्यात पिस्टन लायनरपेक्षा नेहमीच जास्त तापलेला असतो. म्हणजे गार असताना जी फट दिसते, तिचा बराचसा भाग चालू इंजिनात उरलेलाच नसतो. थंड करणारं पाणी बंद झालं किंवा मिश्रण पातळ झालं (पेट्रोल कमी, हवा जास्त) की उरलेली फटही संपते आणि धातूवर धातू घासतो.

तुमचा पिस्टन बाहेर काढलात की तो फेकू नका. त्याच्यावर उत्तर लिहिलेलं असतं. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला खरवड असेल तर ती बाजू प्रमाणाबाहेर तापली, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, किंवा इग्निशनचं टायमिंग फार पुढे. चार कोपऱ्यांत सारख्या खुणा असतील तर पिस्टन एकदम फुगला: गार इंजिन सुरू केल्या केल्या पूर्ण थ्रॉटल दिला, किंवा आधीच्या बोअरिंगमध्ये फट कमी ठेवली. सगळीकडे कोरडी, पसरट खरवड आणि तीही दोन्ही पिस्टनवर असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल नव्हतं किंवा थंड करणारं पाणी थांबलं. पिस्टनच्या माथ्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी आणि हेडवर बारीक टोचे असतील तर इंजिन ठोकत होतं, म्हणजे मिश्रण स्फोटासारखं भडकत होतं. माथ्यावरची काजळी एका ठिकाणी धुतल्यासारखी स्वच्छ असेल तर तिथून पाणी आत येतंय, हेड गॅस्केट पाहा.

तुमच्या बाबतीत मला एक गोष्ट खटकते, ती म्हणजे खालचा सिलिंडर गेला आणि वरचा वाचला. उभ्या क्रँकच्या मोटरमध्ये पाणी खालून वर चढतं. पाणी कमी पडलं तर बहुधा वरचा सिलिंडर आधी तापतो. ऑइल कमी असतं तर दोन्ही पिस्टनवर खुणा आल्या असत्या. तुमच्या मोटरला दोन सिलिंडरना मिळून एकच कार्ब्युरेटर असेल, तर अडकलेल्या जेटने (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाने) दोन्ही सिलिंडर उपाशी राहिले असते. मग उरतं काय? फक्त खालच्या सिलिंडरच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या डब्यात, कुठूनतरी हवा शिरणं आणि त्याने तिथलं मिश्रण पातळ होणं. संशय पहिला क्रँकच्या खालच्या सीलवर, दुसरा रीड व्हॉल्व्हच्या (मिश्रण क्रँककेसमध्ये घेणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या झडपेच्या) बैठकीवर आणि गॅस्केटवर, तिसरा क्रँककेसच्या दोन अर्ध्यांमधल्या जोडावर. प्रत्येक सिलिंडरला वेगळा कार्ब्युरेटर असेल तर मात्र खालच्याचा मेन जेट सर्वांत आधी पाहा.

हे मी एवढं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. सुरुवातीच्या काळात अशीच एक मोटर माझ्याकडे आली होती, खालचा सिलिंडर खरवडलेला. बोअर सुंदर झाला, पिस्टन नवा, फट मापात, कॉम्प्रेशन दोन्हीकडे सारखं. काही तास चालली आणि तोच सिलिंडर पुन्हा जाम. दुसऱ्यांदा उघडली तेव्हा खालच्या सीलच्या ओठाखाली गंजट पाण्याचा डाग दिसला. तो पहिल्या वेळीही तिथेच असणार, मी पाहिला नव्हता. सील म्हणजे हातात मावणारी रबरी चकती, पण तिच्यापायी एका माणसाची मोटर दोनदा गेली आणि दुसऱ्या वेळी मोटर भर पाण्यात बंद पडली होती. तेव्हापासून क्रँककेस उघडला की दोन्ही सील नवे, ही अट मी सोडलेली नाही.

उघडताना एक सावधगिरी. खाऱ्या पाण्यात चाललेल्या मोटरचे हेड बोल्ट ॲल्युमिनियमशी एकजीव झालेले असतात. जोर लावला की तुटतात आणि मग तुटका बोल्ट काढण्यात दोन दिवस जातात. आदल्या रात्री भेदक तेल सोडा, दुसऱ्या दिवशी बोल्टभोवतीचा ब्लॉक गरम हवेने तापवा, पाना आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने आणि मग उलटा, असं थोडं थोडं करा. क्रँककेसचे अर्धे वेगळे करताना मध्ये पेचकस घालून उचकटू नका, त्या जोडाला जाड गॅस्केट नसतं आणि एक ओरखडाही गळतीला पुरतो. कनेक्टिंग रॉडची टोपी वेगळी होणारी असेल तर कुठली टोपी कुठल्या रॉडची आणि कुठल्या दिशेने, हे खूण करून ठेवा. निडल रोलर सुटे असतील तर सिलिंडरवार वेगळ्या डब्यांत, मोजून. काही मोटरमध्ये क्रँक प्रेस करून जोडलेला असतो, तो स्वतः उघडायच्या फंदात पडू नका. धुऊन, हाताने फिरवून बेअरिंग कुठे अडखळतं का ते पाहा. जाम झालेल्या पिस्टनचा चुरा खाली क्रँकमध्येच पडतो.

होनिंग पुरेसं असेल तर त्याचं हत्यार नीट निवडा. स्प्रिंगवर तीन दगड असलेलं स्वस्त होन टू-स्ट्रोकमध्ये नको, त्याच्या दगडांची टोकं पोर्टमध्ये अडकून तुटतात. गोळ्यांचा ब्रशसारखा होन पोर्टवरून सुरक्षित जातो, २२० ग्रिटचा घ्या, भरपूर तेल लावा, कमी वेगाच्या ड्रिलवर वरखाली सारख्या चालीने फिरवा. भिंतीवर एकमेकींना साधारण ४५ अंशांत छेदणाऱ्या रेघा यायला हव्यात. त्या रेघांत तेल धरून राहतं आणि रिंग बसते. पण हा होन फक्त पोत देतो, वाकडा सिलिंडर सरळ करत नाही. त्यासाठी कडक दगडांचं होन किंवा बोअरिंग मशीनच हवं.

बोअर करायचा ठरला तर नवा पिस्टन हातात येईपर्यंत ब्लॉक मशीनवर पाठवू नका. ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठे, पिस्टन साधारणपणे ०.२५ आणि ०.५० मिमीच्या टप्प्यात मिळतात, पण तुमच्या मॉडेलला कुठला मिळतो हे आधी पक्कं करा. आलेला पिस्टन स्वतः मोजा आणि त्याच्या मापावर बोअर करून घ्या. समजा पिस्टन ५६.४४ मिमी भरला आणि मॅन्युअल ०.०६ मिमी फट सांगतं, तर तयार सिलिंडर ५६.५० मिमी हवा. बोअरिंगवाल्याला हा तयार आकडा कागदावर लिहून द्या. बोअर थोडा कमी ठेवून शेवटचा ०.०५ मिमीच्या आसपास भाग होनिंगने काढावा, हेही सांगा. बऱ्याच मोटरमध्ये एकच सिलिंडर ओव्हरसाइज केलेला चालतो, दोन्ही कापायची गरज नसते. तेही मॅन्युअलमध्ये पाहून ठरवा. काही जुन्या मोटरना सुटं हेड नसतं, सिलिंडर एका बाजूने बंद असतो. तो बोअर करणं प्रत्येकाला जमत नाही, आधी विचारून घ्या. शेवटच्या ओव्हरसाइजमध्येही चरे निघत नसतील तर नवा लायनर बसवता येतो, पण टू-स्ट्रोकमध्ये त्याचे पोर्ट ब्लॉकच्या पोर्टशी तंतोतंत जुळावे लागतात. तिथे दुसऱ्या मेकॅनिकचं ब्लॉक बदलण्याचं मत विचारात घेण्यासारखं ठरतं.

बोअर होऊन आला की पोर्टच्या कडा बोटाने तपासा. बोअरिंगनंतर त्या पात्यासारख्या धारदार होतात. रिंग पोर्टवरून जाताना किंचित बाहेर फुगते आणि त्या धारेत अडकली की तुटते. म्हणून सगळ्या पोर्टच्या कडा, विशेषतः एक्झॉस्टची वरची आणि खालची, बारीक कानशीने किंवा दगडाने गोलसर करायलाच हव्यात. बाहेरच्या कामात सर्वांत जास्त वेळा राहून जाणारी गोष्ट हीच. मी ब्लॉक घेताना आधी ती बघतो, मगच माप.

मग धुणं. पेट्रोल किंवा रॉकेलने धुतलं की भिंत चकचकीत दिसते, पण होनिंगची बारीक खर रेघांत तशीच राहते. गरम पाणी, कपडे धुवायची पावडर आणि ब्रश. भरपूर घासा. नंतर पांढऱ्या फडक्याला तेल लावून भिंत पुसा. फडकं करडं झालं तर पुन्हा धुवा. पांढरं राहीपर्यंत.

रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी एकेक रिंग सिलिंडरमध्ये घाला, पिस्टनने ढकलून सरळ करा आणि टोकांमधली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पात्यांनी) मोजा. ५६ मिमीच्या बोअरला ०.२ मिमीच्या आसपास किंवा थोडी जास्त, मॅन्युअलमध्ये नेमकी असते. कमी भरली तर टोक घासून वाढवा, कारण तापल्यावर टोकं एकमेकांना भिडली की रिंग तुटते. रिंगेवरची खूण वर, टोकं पिस्टनच्या खाचेतल्या पिनवर. पिस्टनवरचा बाण बहुतेक मोटरमध्ये एक्झॉस्टकडे असतो. माथ्यावर उंचवटा असलेला जुना पिस्टन असेल तर त्याचा सौम्य उतार एक्झॉस्टकडे आणि उभी बाजू आत येणाऱ्या मिश्रणाकडे. गजनपिनची सर्क्लिप (पिन जागेवर धरणारी कडी) जुनी परत वापरू नका.

हेडची सपाटी सरळपट्टी आणि फीलर गेजने पाहा. ०.१ मिमीपेक्षा जास्त वाकलं असेल तर जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून, इंग्रजी आठच्या आकारात फिरवून घासा. गॅस्केट नवं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने.

मोटर उघडलेलीच आहे तर इम्पेलर (पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा) बदला, थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून उघडतो का पाहा, आणि पाण्याच्या वाटांत साचलेलं मीठ काढा. कार्ब्युरेटर पूर्ण खोलून साफ करा, पेट्रोल पंपाचा पडदा तपासा. बाहेर पडणारी पाण्याची धार बघून निर्धास्त होऊ नका. बऱ्याच मोटरमध्ये ती पाण्याचा एक छोटा फाटा असते, धार चांगली असूनही हेडमधली वाट तुंबलेली असू शकते.

सुरू करताना मोटर पाण्याच्या टाकीत किंवा होडीवरच. कोरडी फिरवाल तर नवा इम्पेलर काही सेकंदांत खराब होतो. नेहमीचं मिश्रण ५०:१ असेल, म्हणजे लिटरला २० मिली ऑइल, तर पहिल्या १० तासांसाठी २५:१ ठेवा, म्हणजे लिटरला ४० मिली. ऑइल टीसी-डब्ल्यू३ या आऊटबोर्डसाठीच्या दर्जाचं, मोटरसायकलचं नको. पहिली १० मिनिटं मंद. पुढचा तासभर अर्ध्या थ्रॉटलच्या आत आणि वेग सतत बदलता ठेवा. नंतर मधूनमधून थोडा वेळ जास्त थ्रॉटल द्या, पण १० तास होईपर्यंत पूर्ण थ्रॉटलवर सलग चालवू नका. या काळात किनाऱ्याजवळ राहा आणि वल्हं बरोबर असू द्या. धूर जास्त दिसेल, प्लग काळा होईल, त्याने घाबरू नका.

१० तासांनी पुन्हा कॉम्प्रेशन घ्या, तेच गेज, तीच पद्धत. रिंगा बसल्या असतील तर आकडा पहिल्या दिवसापेक्षा थोडा वर गेलेला असतो. दोन्ही प्लग शेजारी ठेवून रंग पाहा. खालचा वरच्यापेक्षा फिका, पांढरट दिसला तर हवा अजून शिरतेय, तिथेच थांबा आणि सील व रीडची बैठक परत तपासा. दोन्ही सारखे तपकिरी असतील तर आकडे आणि तारीख मोटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तुलनेला माप हाताशी राहील.